गिरणगावची रात्र कोणाची?

(एका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



मुंबईच्या रात्रजीवनाविषयी गेली काही वर्षे जो वाद चालू आहे, त्याच्या मुळाशी असलेले एक गृहीत दोन्ही पक्षांनी न तपासताच स्वीकारलेले दिसते. या शहराला रात्रीचे आयुष्य नव्हते, ते आता नव्याने द्यावयाचे आहे, असे ते गृहीत आहे. राज्य मंत्रिमंडळाने २२ जानेवारी २०२० रोजी मुंबईतील दुकाने, मॉल, चित्रपटगृहे आणि उपाहारगृहे चोवीस तास उघडी ठेवण्याच्या धोरणाला मान्यता दिली. पहिल्या टप्प्यासाठी जी ठिकाणे नजरेसमोर होती त्यांत मॉलबरोबर जुन्या गिरण्यांची आवारेही होती. समर्थकांना हे शहर आता कोठे जागे होत आहे असे वाटले, तर विरोधकांना संस्कृती बुडाल्याचा भास झाला. लोअर परळची रात्र पबमध्ये जन्माला आली, यावर मात्र दोघांचेही एकमत होते. वस्तुतः लालबाग, परळ, डिलाईल रोड, शिवडी, वरळी हा टापू रात्रीचा जागा राहू लागला, त्याला शंभराहून अधिक वर्षे लोटली आहेत. त्याला जागे ठेवले ते गिरणीच्या भोंग्याने, आणि ही जाग कोणाच्या हौसेची नव्हती.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन केली. प्रारंभीच्या गिरण्या सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालत. काळोख पडला की यंत्र थांबे, कारण धागा दिसत नसे. म्हणजे रात्र ही कामगाराच्या मालकीची एकमेव वस्तू होती. विजेचे दिवे आले आणि तीही गेली. १९०५ च्या सुमारास तेजीच्या दिवसांत दिव्यांच्या प्रकाशात चौदा-पंधरा तास गिरण्या चालवण्यात आल्या आणि त्याविरुद्ध कामगार रस्त्यावर उतरले. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांचा दिवस बारा तासांचा झाला, १९२२ च्या कायद्याने आठवडा साठ तासांचा झाला, आणि आठ तासांचा दिवस यायला स्वातंत्र्याचा काळ उजाडावा लागला. पुढे तीन पाळ्या स्थिरावल्या: सकाळी सातची, दुपारी साडेतीनची आणि मध्यरात्रीची. बाराला दुसरी पाळी सुटे आणि तिसरी आत जाई. त्या वेळी रस्त्यावर जी गर्दी लोटत असे, तिला रात्रजीवन हा शब्द कोणी वापरला नाही. तिला रात्रपाळी म्हणत.

त्या गर्दीला खावयास लागे. आता ही माणसे कोण होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. रत्नागिरीचे, सावंतवाडीचे, साताऱ्याचे, कोल्हापूरचे, घरची तुटपुंजी शेती बायकोच्या आणि म्हाताऱ्या आईबापांच्या हवाली करून आलेले हे पुरुष होते. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या सव्वापाचशेच्या आसपास होती. चाळीतील एकेका खोलीत दहा-पंधरा गाळेकरी राहत. एक पाळी कामावर असताना दुसरी पाळी झोपे, म्हणजे अंथरूण सहसा गार होत नसे. अशा खोलीत चूल पेटवणे अशक्य. या अडचणीतून गिरणगावची खाणावळ उभी राहिली, आणि ती चालवली प्रामुख्याने बायकांनी.

खाणावळवालीचे अर्थशास्त्र हा भारतीय अर्थशास्त्रज्ञांनी फारसा न हाताळलेला विषय आहे. दहा बाय बाराच्या खोलीत, बहुधा नवऱ्याची नोकरी गेल्यावर किंवा नवराच गेल्यावर, ती दहा-वीस माणसांचे दोन वेळचे जेवण रांधी. सकाळच्या पाळीचा माणूस साताच्या आत जेवून किंवा डबा घेऊन निघणार, म्हणजे तिला पहाटे चारला उठणे भाग. दुसऱ्या पाळीचा माणूस रात्री साडेबाराला पानावर बसणार, म्हणजे तोवर तिला जागणे भाग. भात, आमटी, भाकरी किंवा चपाती, कोकणवाल्यांना सुकट-बांगड्याचे कालवण, रविवारी मटण आणि गावाकडच्या चवीचा मसाला. कोणाला तिखट सोसत नाही, कोणाचा गुरुवार आहे, कोणाला गावाहून तार आली म्हणून आज घास उतरणार नाही, हे सारे तिला ठाऊक असे. पैसे महिन्याच्या पगाराला मिळत. तोपर्यंत वाण्याची उधारी तिच्या नावावर आणि वाण्याच्या तोंडी लागू नये म्हणून सावकाराचे कर्जही तिच्याच नावावर. गिरणीमालकाने कामगाराला जी मजुरी दिली, ती इतकी कमी असूनही तो जगला आणि दुसऱ्या दिवशी मागावर उभा राहिला, याचे कारण या बाईच्या जागरणाची किंमत कोणत्याच हिशेबात धरलेली नव्हती. गिरणीच्या नफ्यात तिचा वाटा होता. हजेरीपटावर तिचे नाव नव्हते.

येथे आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. एके काळी मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. रात्रीच्या कामास स्त्रियांना मज्जाव करणारे कायदे आले, पाळ्या वाढल्या, नवी यंत्रे आली आणि गिरणीतील बाई हळूहळू दिसेनाशी झाली. १९४८ च्या कारखाना कायद्यानेही सायंकाळी सात ते सकाळी सहा या वेळात तिला कारखान्याचे दार बंद ठेवले. हेतू संरक्षणाचा होता, यात शंका नाही, आणि कामगार संघटनांनीही या तरतुदींचे स्वागतच केले. परंतु ज्या बाईला रात्री बारा वाजता कारखान्यात उभे राहणे अयोग्य ठरले, तिने रात्री बारा वाजता चुलीपुढे बसणे कोणालाच अयोग्य वाटले नाही. संघटनांच्या मागणीपत्रांत महागाई भत्ता होता, बोनस होता, बदली कामगारांचा प्रश्न होता. खाणावळवालीचा प्रश्न त्यांत कितीसा आला, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

तो प्रश्न हाती घेतला प्रेमा पुरव यांनी. गोवामुक्तीच्या लढ्यातून आलेल्या आणि कम्युनिस्ट चळवळीत गिरणगावच्या बायकांमध्ये काम केलेल्या या कार्यकर्तीने १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. १९६९ साली मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि दुर्बलांना कर्ज देण्याच्या घोषणा चालू होत्या. त्या घोषणांना प्रेमाताईंनी शब्दशः घेतले आणि तारण म्हणून दाखवायला भांड्यांपलीकडे काही नसलेल्या बायकांना घेऊन त्या बँकेच्या दारात गेल्या. सावकाराच्या व्याजातून सुटलेल्या या बायकांनी कर्जे फेडली. त्याच दशकात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखाली महागाईविरोधी आंदोलनात बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. समाजवादी आणि कम्युनिस्ट यांचे इतर बाबतींत कितीही बिनसले असो, स्वयंपाकघर हे राजकारणाचे ठिकाण आहे हे या बायकांनी दोघांनाही एकाच वेळी शिकवले. पुरुष पुढाऱ्यांनी ते कितपत शिकून घेतले, हा निराळा प्रश्न.

रात्रीचे आयुष्य म्हणजे नुसते जेवण नव्हे. दुसऱ्या पाळीहून आलेला कामगार लगेच झोपत नसे. कोकणातल्या मंडळींचे भजन, नमन-खेळे, शक्ती-तुऱ्याचा सामना, दशावतार. घाटावरच्या मंडळींचा तमाशा. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड रंगत, भारतमाता चित्रपटगृहात मराठी चित्रपट लागत. सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी रात्रशाळा चालवल्या, ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेली ही संस्था. तिचेच परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ सालचे. कामगार रंगभूमीच्या कित्येक पिढ्यांनी दिवसभर मागावर काम करून संध्याकाळी तेथे तोंडाला रंग लावला. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाचा श्रोता हाच होता. कोपऱ्यावरच्या इराण्याकडे एका कपावर तासभर बसता येत असे आणि एका वर्तमानपत्राची पाने चार टेबलांवर वाटली जात. आणि हे सारे फुकट किंवा चार-आठ आण्यांत होते. करमणुकीसाठी माणसाला पैसेवाला असावे लागत नव्हते. हे दामोदर नाट्यगृह २०२३ च्या नोव्हेंबरात पुनर्विकासासाठी बंद करण्यात आले आणि त्याच जागी तेवढेच नाट्यगृह पुन्हा मिळावे म्हणून कलावंतांना आंदोलन करावे लागले, एवढे सांगितले की पुरे.

आता दारूविषयी. या विषयावर समाजवादी व्यासपीठावरून बोलताना एक तर उपदेश केला जातो, किंवा विषय टाळला जातो. दोन्ही अप्रामाणिक आहे. गिरणी कामगार पीत असे. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात व्याजाच्या वसुलीला पठाण उभा असे आणि त्याच्या पलीकडे गुत्ता. धुळीने भरलेली छाती, बारा तासांचे उभे राहणे आणि झोपायला पाठ टेकण्यापुरती जागा, यांवरचा उतारा म्हणून दारू घेतली जाई, असे म्हणणे काव्यमय आहे. त्या दारूचे पैसे कोणाच्या ताटातून गेले, हे घरच्या बाईला विचारावे लागेल. म्हणूनच दारूबंदीची मागणी ही केवळ गांधीवाद्यांची लहर नव्हती. ती बायकांची मागणी होती आणि आजही गावोगाव बाई उभी बाटली आडवी करण्यासाठी मतदान करते, ती काही संस्कृतिरक्षणासाठी नव्हे.

परंतु मागणी बायकांची असली, तरी कायदा झाला तो सरकारचा. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, १९५० साली मोरारजी देसाई यांच्या कारकिर्दीत संपूर्ण दारूबंदी लागू झाली, आणि पाहता पाहता तिचे दोन भाग पडले. ज्याला प्रकृतीच्या कारणासाठी डॉक्टरचा दाखला मिळवता येत होता त्याला परवाना मिळाला. ज्याला मिळवता येत नव्हता त्याला हातभट्टी मिळाली. टायरच्या ट्यूबमधून वाहून आणलेली ती दारू झोपडपट्टीत आणि चाळींच्या मागे विकली गेली, तिने पोलिसांचा एक कायमचा हप्ता उभा केला, आणि ज्यांना पुढे या शहराने गुन्हेगारीचे सम्राट म्हणून ओळखले त्यांतल्या काहींचे पहिले भांडवल याच धंद्यात जमले. साठच्या दशकात बंदी सैल झाली. कायदा मात्र पुस्तकात तसाच आहे. मद्यालयाच्या पाटीवर आजही ‘परमिट रूम’ असे लिहिलेले आढळते, आणि कायद्याच्या दृष्टीने आत बसलेल्या प्रत्येकाच्या खिशात परवाना असावयास हवा. तो किती जणांच्या खिशात असतो, हे पाटी रंगवणाऱ्यालाही माहीत आहे. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. ती सारी गरीब वस्तीतली होती. आणि ज्या राज्याच्या कायद्याचे नाव दारूबंदीचे होते, त्याच राज्याच्या मंत्रिमंडळाने २०२५ च्या जूनमध्ये मद्यावरील शुल्क वाढवून वर्षाला सुमारे चौदा हजार कोटी रुपये अधिक मिळतील असा हिशेब मांडला.

नीतीचा प्रश्न वर्गाच्या चाळणीतून कसा गाळला जातो, याचे सर्वांत उघड उदाहरण २००५ सालचे आहे. राज्य सरकारने कायद्यात दुरुस्ती करून डान्स बारवर बंदी घातली. स्त्रियांच्या प्रतिष्ठेचा आणि तरुण पिढीच्या चारित्र्याचा हवाला देण्यात आला. पुरोगामी म्हणवणाऱ्या अनेकांनी तिचे स्वागत केले. बंदीच्या कलमाला लागूनच दुसरे कलम होते. तीन वा अधिक तारे असलेल्या हॉटेलांना, जिमखान्यांना आणि क्लबांना ती बंदी लागू नव्हती. म्हणजे तोच नाच स्वस्त दारूच्या दुकानात अनीती आणि महाग दारूच्या दालनात संस्कृती. उच्च न्यायालयाने २००६ साली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली हा भेदभाव घटनेच्या कसोटीवर टिकणारा नाही म्हणून ती तरतूद रद्द ठरवली. मधल्या आठ वर्षांत हजारो बायकांचा रोजगार गेला. त्यांच्या पुनर्वसनाची भाषा झाली. पुनर्वसन झाले नाही. समाजवादी समतेची कसोटी येथे न्यायालयाने लावली, समाजवाद्यांनी नव्हे, ही खंत नोंदवून पुढे जावे हे बरे.

गिरणगावचे रूपांतर कसे झाले, हा इतिहास येथे सविस्तर सांगण्याची गरज नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि तो विधिवत मागे घेतला गेला असा दिवस कॅलेंडरात सापडत नाही. त्या संपातले एक प्रकरण मात्र खाणावळींचे आहे. पगार थांबला, तरी पाने मांडली गेली. खाणावळवाल्यांनी महिनोन्‌महिने उधारीवर जेवू घातले. पुढे माणसे गावी निघून गेली, काही परतली, बरीच परतली नाहीत. उधारीच्या वह्या मात्र राहिल्या. संप मालकांनी मोडला, सरकारने मोडू दिला, आणि त्याची एक हुंडी या बायकांच्या नावावर फाडली गेली. नंतरच्या वर्षांत ज्यांच्या हाताला काम उरले नाही अशा कित्येक कामगारांनी आणि त्यांच्या मुलांनी नाक्यावर वडापावची, भुर्जीपावची गाडी लावली. मागावरचा कुशल कामगार कढईपुढे उभा राहिला, याला काही जण स्वयंरोजगार म्हणतात.

जमिनीचे काय झाले? गिरण्यांच्या ताब्यात सुमारे सहाशे एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने तिचे तीन वाटे केले: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. १९९६ साली चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने या जमिनींचा एकत्रित विचार व्हावा असे सुचवले. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी सगळ्या जमिनीची न होता केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीची झाली. शब्दांची एवढीशी फिरवाफिरव. पण तिच्यामुळे शहराच्या वाट्याची मैदाने आणि घरे आकसून काही तुकड्यांवर आली. उच्च न्यायालयाने २००५ साली या दुरुस्तीच्या विरोधात कौल दिला, २००६ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. त्यानंतर उंच इमारती, कार्यालये, मॉल आणि जुन्या दगडी भिंतींच्या आत उपाहारगृहे व पब आले. चिमणी ठेवली की वारसा जपला जातो, अशी एक सौंदर्यदृष्टी त्या काळात फोफावली. जेथे धागा तुटू नये म्हणून हवा दमट ठेवली जाई, त्याच छपराखाली आता वातानुकूलित गारवा खेळू लागला.

आणि मग २०१७ साल. त्या वर्षाच्या शेवटच्या चार महिन्यांतील तीन घटना एका ओळीत ठेवून पाहाव्यात. २९ सप्टेंबरला सकाळी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर पावसात गर्दी कोंडली आणि चेंगराचेंगरीत तेवीस माणसे मेली. गिरण्यांच्या जागी कार्यालये आली, लाखो नोकरदार आले; जिना मात्र जुनाच राहिला. १८ डिसेंबरला पहाटे साकीनाक्याजवळ खैरानी रोडवर फरसाणाच्या गाळ्याला आग लागली आणि बारा कामगार मेले. ते जेथे फरसाण तळत होते तेथेच राहत होते. त्यानंतर अकरा दिवसांनी, २९ डिसेंबरला मध्यरात्र उलटून गेल्यावर, कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या दोन उपाहारगृहांत आग भडकली आणि चौदा जीव गेले. त्यांत अकरा स्त्रिया होत्या. बरेच जण धुरापासून वाचण्यासाठी स्वच्छतागृहाकडे धावले आणि तेथेच गुदमरले. अग्निशमन दलाच्या चौकशीत ठिणगी हुक्क्याच्या निखाऱ्यातून उडाली असा निष्कर्ष निघाला. त्या आधी महिना-दोन महिनेच गच्चीवरील उपाहारगृहांच्या धोरणाला महापालिका आयुक्तांनी मान्यता दिली होती. नगरसेवकांच्या सभागृहाने तो प्रस्ताव पूर्वी नाकारला होता.

कमला मिलच्या आवारात वृत्तवाहिन्यांची कार्यालये होती. त्यामुळे ती आग त्याच रात्री देशभर दिसली. खैरानी रोडवरच्या बारा जणांसाठी कॅमेरा यायला प्रवास करावा लागला आणि तो फार काळ थांबला नाही. यात पत्रकारांना दोष देणे सोपे आहे. पण गच्चीवरच्या मृतांना श्रीमंतांच्या चैनीचे फळ मिळाले, असे कुजबुजणारेही त्या दिवसांत कमी नव्हते, आणि त्यांत काही जण स्वतःला डाव्या विचाराचे म्हणवत होते. हे हीन आहे. वाढदिवस साजरा करायला मैत्रिणींबरोबर रात्री बाहेर पडलेली तरुण मुलगी ही कोणाची वर्गशत्रू नव्हे. जी रात्र तिच्या आजीला चुलीपुढे आणि आईला कडीबंद दारामागे काढावी लागली, ती रात्र तिने रस्त्यावर येऊन स्वतःच्या पैशाने मागितली. ती तिला सुरक्षितपणे मिळावयास हवी होती. पुलावर, फरसाणाच्या गाळ्यात आणि गच्चीवर एकोणपन्नास माणसे मेली ती एकाच कारणाने: जागेतून मिळणारा पैसा आधी मोजला गेला आणि माणसाला बाहेर पडायची वाट मागाहून, किंवा मुळीच नाही.

तेव्हा रात्रजीवनाला विरोध करणे हे समाजवाद्यांचे काम नव्हे. रात्री उशिरा जेवावे, गाणे ऐकावे, मित्रांत बसावे, ही इच्छा निषिद्ध मानण्याचे कारण नाही. गिरणी कामगारालाही ती होती. प्रश्न विचारावयाचा तो ताटाच्या पलीकडच्या बाजूचा. टेबलावर पदार्थ आणून ठेवणारा मुलगा कोठून आला? उत्तराखंड, बिहार, बंगाल, ओडिशा, ईशान्येकडची राज्ये. शंभर वर्षांपूर्वी रत्नागिरीचा मुलगा ज्या कारणासाठी आला त्याच कारणासाठी तो आला आहे आणि त्याच्याप्रमाणेच एका खोलीत दहा जणांत राहतो. फरक एवढाच, की रत्नागिरीच्या मुलाला जॉबर असला तरी गिरणीच्या हजेरीपटावर नाव होते, संघटना होती, पाळी ठरलेली होती. आजच्या मुलाची नोकरी कंत्राटदाराच्या वहीत असते, आणि बशीखाली ठेवलेल्या बक्षिशीवर त्याचा महिना अवलंबून असतो.

कायदा त्याच्याविषयी काय म्हणतो? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने आस्थापना चोवीस तास उघडी ठेवण्याची मोकळीक दिली. स्त्रियांना रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवावयाचे तर त्यांची संमती हवी, सुरक्षितता हवी, घरी पोचवण्याची सोय हवी, असेही त्यात म्हटले. ही तरतूद स्वागतार्ह आहे. रात्रीपासून बाईला हाकलण्यापेक्षा रात्र तिच्यासाठी निर्धोक करावी, हा विचार पुढे जाणारा आहे. पण हा कायदा मुख्यतः दहा वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांसाठी होता. २०२५ च्या सप्टेंबरात मंत्रिमंडळाने ती मर्यादा वीसवर नेण्यास आणि दिवसाच्या कामाचे तास नवावरून दहा करण्यास मान्यता दिली. पुढल्याच महिन्यात, दारू विकणारी ठिकाणे वगळता इतर दुकाने व उपाहारगृहे चोवीस तास चालू ठेवता येतील, असा खुलासा शासनाने केला. उघडे राहण्याचे तास वाढत गेले आणि संरक्षणाच्या छत्राखालची माणसे कमी होत गेली, असा हा एकाच शरदातला प्रवास आहे. १९०५ साली विजेचा दिवा लावून ज्यांनी पंधरा तास मागितले, त्यांचा युक्तिवादही व्यापारवाढीचाच होता.

राहण्याचा प्रश्न याहून अवघड. गिरणी कामगार आणि त्यांच्या वारसांनी घरांसाठी दीड लाखाच्या आसपास अर्ज केले; २०१२ साली पहिली मोठी सोडत निघाली; आजवर घराची किल्ली मिळालेल्यांची संख्या हजारांत मोजावी लागते. उरलेल्यांसाठी शेलू आणि वांगणी येथील घरांचा प्रस्ताव आला आणि त्याविरुद्ध २०२५ च्या जुलैत वयोवृद्ध कामगार आझाद मैदानावर जमले. मुंबईत ज्यांनी हयात घालवली त्यांनी कर्जतच्या वाटेवर जावे, आणि त्यांच्या नातवंडांपैकी कोणी लोअर परळच्या उपाहारगृहात रात्रपाळी करील तर त्याने घरी कसे जावे, याचा विचार कोणत्याही धोरणात आढळत नाही. शहर चोवीस तासांचे झाले. लोकल गाडी झाली नाही. मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास शेवटची गाडी जाते आणि पहाटे चारनंतर पहिली निघते. ग्राहक मोटारीने जातो. आचारी, मोरीवरचा पोऱ्या, दारावरचा रखवालदार फलाटावर बसून राहतात. त्यांच्यासाठी सायकलवर चहाची किटली घेऊन फिरणाऱ्याला मात्र पोलीस हटकतात. चोवीस तासांची सवलत त्याच्या सायकलीपर्यंत आलेली नाही.

हॉटेल कामगारांची संघटना बांधण्याची भाषा पुष्कळदा झाली आणि ती सोडूनही देण्यात आली. ही माणसे विखुरलेली असतात, सहा महिन्यांत जागा बदलतात, मराठी बोलत नाहीत, सभेला येत नाहीत, अशी कारणे सांगितली जातात. सभेची वेळ संध्याकाळी सहाची ठेवली तर ती येणार नाहीतच, कारण त्या वेळी त्यांची पाळी सुरू होते. गिरणी कामगारांच्या दारसभा पाळी सुटताना होत. पुढारी भोंग्याच्या वेळी गिरणीच्या फाटकाशी हजर राहत, मग ती मध्यरात्र का असेना. परळची मद्यालये दीड वाजता बंद होतात, भांडी घासून, फरशी पुसून माणसे बाहेर पडेपर्यंत अडीच वाजतात. पूर्वी एल्फिन्स्टन रोड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्थानकाच्या आसपास ती पहिल्या गाडीची वाट पाहत चारपर्यंत बसलेली असतात, आणि त्या दीड तासात त्यांना दुसरे काही काम नसते.